एका दिवसाच्या सहलीचा हक्क

पहिले दोन-तीन दमदार पाऊस पडले आणि लोणावळा-खंडाळ्याच्या कड्यांवरून पाणी कोसळू लागले, की शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि तिच्या मागोमाग प्रशासनाचे मनाई आदेश येतात. धबधब्याखाली उतरू नये, कड्याच्या टोकावर छायाचित्रे काढू नयेत, अंधार पडल्यावर थांबू नये, अशी या आदेशांची भाषा असते. त्यांना कारणेही आहेत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी, म्हणजे पुन्हा एका रविवारी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. अशा घटनांनंतर आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. माझा आक्षेप या सगळ्यामागच्या दृष्टीवर आहे. एका दिवसासाठी शहराबाहेर पडणारा माणूस आपल्या शासनव्यवस्थेला दोनच रूपांत दिसतो. पावसाळ्यात तो उपद्रव असतो आणि पर्यटन विकासाच्या आराखड्यात गिऱ्हाईक असतो. तो नागरिक आहे आणि सुट्टीच्या दिवशी बायकामुलांसह सुरक्षितपणे, परवडेल अशा खर्चात डोंगरावर जाऊन संध्याकाळी घरी परतणे ही त्याची रास्त गरज आहे, याची दखल त्या आदेशातही नसते आणि त्या आराखड्यातही नसते.

ही गरज कोणाची आहे, हे आधी पाहिले पाहिजे. ज्याला दोन रात्रींसाठी बंगला भाड्याने घेणे परवडते, ज्याला आठवड्याच्या मधल्या वारी रजा मिळते, त्याला रविवारची गर्दी टाळता येते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात आठवड्याचे सहा दिवस पाळी करणारा कामगार, दुकानात काम करणारी मुलगी, दोन खोल्यांच्या घरात सहा माणसांनिशी राहणारे कुटुंब, वसतिगृहातले विद्यार्थी यांच्यासाठी रविवारची सहल हीच वर्षातली सुट्टी असते. ‘लोकांना शिस्त नाही’, ‘हे लोक येतातच कशाला’ असे उद्गार दर पावसाळ्यात ऐकू येतात. ते बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी, दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी जाण्याची सोय असते. शहरांतली मोकळी मैदाने आणि टेकड्या आक्रसत गेल्या. मग पाऊस अंगावर घ्यायला लोक मावळात आले, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

शिवाय हा भाग मुळातच वाटसरूंचा आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी आडरानात लपवून कोरलेली नाहीत. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून घाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी मार्गालगत ती आहेत. भाज्याचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनेचे सभागृह, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, बेडसे त्यानंतरचे आणि कार्ल्याचे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावे, वाटेने जाणाऱ्यांनी तिथे टेकावे, दान द्यावे आणि पुढे निघावे, असा तो व्यवहार होता. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरताना व्हरांड्यातला एक लेख सांगतो की, वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. भारतातले हे सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह आहे, हे लक्षात घेतले, तर त्या शेटजींचा अभिमान अवास्तव वाटत नाही. आतल्या दानलेखांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे ग्रीक, आहेत, एक गंधी म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, एक सुतार आहे. कोणी एक खांब दिला, कोणी दरवाजाचे काम करून दिले. राजघराण्यानेही दिले. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने येथील, म्हणजे तेव्हाच्या वलूरकाच्या, भिक्षूंसाठी एक गाव दान दिल्याचा लेख आहे. परंतु त्या सभागृहात उभे राहिले की मनात ठसते ते हेच, की एवढी मोठी वास्तू दूरदूरच्या गावांहून आलेल्या साध्या धंदेवाईक माणसांनी थोडेथोडे देऊन उभी केली आहे.

त्या सभागृहात दहा मिनिटे शांतपणे थांबणाऱ्याला काय मिळते, हे सांगितल्याशिवाय हा विषय पुढे नेता येणार नाही. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर डोळ्यांना काही दिसायला थोडा वेळ लागतो. मग दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा दिसू लागतात. एकूण खांब सदतीस. स्तूपामागचे सात साधे अष्टकोनी आहेत. बाजूच्या खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेल्या हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची युगुले आहेत आणि त्यांच्या केशरचना व दागिने निरनिराळे आहेत. वर पाहिले की गजपृष्ठाकार छताला लाकडी फासळ्या लावलेल्या दिसतात. दगडी छताला त्यांच्या आधाराची मुळीच गरज नाही. लाकडी सभागृहांची सवय असलेल्या कारागिरांनी ते रूप दगडातही कायम ठेवले. हे सागवान मूळचे, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. स्तूपावरचे छत्रही लाकडीच आहे. इतके जुने लाकूडकाम जागच्या जागी, दमट हवेत आणि चार महिने पाऊस झोडपणाऱ्या डोंगरात टिकून राहिल्याची उदाहरणे जगातही थोडीच असतील. हे पाहण्यासाठी पुरातत्त्व खात्याचे तिकीट भारतीय नागरिकाला पंचवीस रुपयांचे आहे.

आता याच ठिकाणी पावसाळ्यातल्या रविवारी येणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, ते पाहावे. सकाळी सातला निघालेले कुटुंब जुन्या महामार्गावरच्या कोंडीत अडकते, कार्ला फाट्यापासून पुढे इंच-इंच सरकते, पार्किंग शोधण्यात आणखी वेळ घालवते आणि शेकडो पायऱ्या चढून वर येते, तेव्हा मुलांना भूक लागलेली असते, आजीचे गुडघे बोलत असतात आणि परतीच्या कोंडीची धास्ती मनात असते. चैत्यगृहाला मिळतात पाच-दहा मिनिटे. त्यात चार छायाचित्रे निघतात आणि सगळे खाली उतरतात. खांबावर नाव कोरणाऱ्याला, पाण्याची बाटली भिरकावणाऱ्याला मी कदापि माफ करणार नाही. त्याच्यासाठी कायद्यात शिक्षा आहे आणि ती झालीच पाहिजे. परंतु बहुसंख्य लोक असे नसतात. त्यांनी लेणे पाहिले नाही, कारण पाहण्याइतका वेळ आणि स्वास्थ्य त्यांना कोणी शिल्लक ठेवले नाही. दिवसभराच्या सहलीतले बहुतेक तास रस्ता खाऊन टाकतो.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की, या प्रश्नाचे मूळ माणसांच्या संख्येत कमी आणि वाहनांच्या संख्येत अधिक आहे. लोणावळ्याहून भुशी धरण, लायन्स पॉइंट, टायगर पॉइंट या बाजूला जाणारा रस्ता एकच. मळवलीहून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे लेण्यांकडे, त्याच गावातून पुढे लोहगड आणि विसापूरकडे जाणारा रस्ताही अरुंद, गावाच्या वस्तीतून जाणारा. एका मोटारीत चार माणसे धरली, तर एका एसटीत बसणाऱ्या माणसांसाठी दहा-बारा मोटारी लागतात. त्या घाटरस्त्यावर उभ्या राहतात, तेव्हा रुग्णवाहिकाही पुढे जाऊ शकत नाही. ज्या गावांतून ही रांग जाते, तिथल्या बाळंतिणीला रुग्णालयात न्यायचे असेल किंवा दूध डेअरीवर पोहोचवायचे असेल, तर रविवार हा त्या गावाला संकटाचा वार ठरतो. त्यात जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. त्याचा आनंद सर्वांनाच झाला, मलाही झाला. पण लोहगडाची वाट भाजे गावातूनच जाते आणि ती त्या दिवसापासून एका हातानेही रुंद झालेली नाही. ती रुंद व्हावी, असेही मला वाटत नाही. डोंगर कापून केलेला रुंद रस्ता आणखी गाड्या वर नेतो आणि पहिल्याच मोसमात पुन्हा तुंबतो.

यावर उपाय शोधण्यासाठी फार दूर जायला नको. अजिंठ्याला खासगी वाहने लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबतात आणि तिथून पुढे एसटीच्या बसने जावे लागते. ही पद्धत वर्षानुवर्षे चालू आहे. तिच्यात उणिवा आहेत, हंगामात बससाठी ताटकळावे लागते. तरीही वाघूर नदीच्या त्या नागमोडी घळीत मोटारींची रांग शिरत नाही, एवढे एक काम तिने निश्चित केले. माथेरानचे उदाहरण त्याहून जुने आहे. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळहून डोंगरावर झुकझुकगाडी आणली आणि गावात आजही मोटार येऊ दिली जात नाही. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. मोटार नसल्यामुळे माथेरानचे पर्यटन बुडाले, असे कोणीही म्हणू शकत नाही. उलट लोक तिथे लाल मातीच्या त्या रस्त्यांवरून चालण्यासाठीच जातात. अर्थात तिथेही सारे आलबेल नाही. मोटारी जिथे थांबवतात त्या दस्तुरी नाक्यावर वाहनांची दाटी होते आणि माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा इतकी वर्षे चालू राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत त्या बंद करण्याचा आदेश दिला. मोटार अडवल्यानंतर म्हाताऱ्या, अपंग माणसांनी आणि सामानाने वर कसे पोहोचायचे, याची माणुसकीला धरून असलेली व्यवस्था आधीच करावी लागते, हा त्यातून घ्यायचा धडा.

तामिळनाडूत उटी आणि कोडाईकनालसाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून वाहनांना ई-पास सक्तीचा झाला आणि पुढच्या वर्षी रोजच्या वाहनांवर मर्यादा आली. निलगिरीत, म्हणजे उटीच्या जिल्ह्यात, सोमवार ते शुक्रवार सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार. या योजनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, सरकारी बस आणि रेल्वेने येणाऱ्याला ही मर्यादा लागू नाही. अडवायचे ते वाहन, माणूस नव्हे, हे तत्त्व तिथे नियमातच उतरले आहे. काही ठिकाणी मात्र माणसांचीही मोजदाद करावीच लागते. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आहे आणि ती योग्य आहे, कारण तिथे इजा होते ती पावलांनीच. कार्ल्याच्या चैत्यगृहातही एका वेळी किती जणांनी आत असावे, याचा विचार करावा लागेल. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत तो केला गेला आहे. परंतु ही मर्यादा त्या एका सभागृहापुरती आणि त्या अर्ध्या तासापुरती असावी. बाहेरच्या अंगणात, डोंगराच्या वाटेवर माणसांना बसायला, डबा उघडायला जागा आहे.

अशी व्यवस्था आपल्याकडे पुण्याच्या दारातच एकदा फसली आहे, याचा विसर पडू देऊ नये. सिंहगडावर मे २०२२ मध्ये खासगी वाहने बंद करून ई-बस सुरू करण्यात आल्या आणि त्याच महिन्यात त्या थांबवाव्याही लागल्या. ज्यांना गडावर गाड्या न्यायच्याच होत्या, त्यांनी त्यावरून ‘बस हा उपायच नाही’ असा निष्कर्ष काढला. मला तो मान्य नाही. सुट्टीच्या दिवशी किती माणसे वर जातात आणि ती किती वाजता उतरू लागतात, घाटात चालवण्याचा सराव असलेले चालक किती आहेत, बस मध्येच बंद पडली तर दुसरी किती मिनिटांत येते, पायथ्याशी सावली, पाणी आणि स्वच्छतागृह आहे का, ही सगळी तयारी आधी व्हायला हवी. ती नसताना गाड्या अडवल्या, तर लोक चिडणारच आणि चिडलेल्या लोकांसमोर योजना टिकत नाही. स्वच्छतागृहाचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्या किल्ल्यांच्या आणि लेण्यांच्या पायथ्याशी स्वच्छ, कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह किती ठिकाणी असते? अनेक स्त्रिया सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे घरोघरी ठाऊक असलेले वास्तव कुठल्याही पर्यटन धोरणात पहिल्या पानावर असायला हवे.

मावळासाठी तर गाडीशिवाय येण्याचा कणा तयार आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. भुशीचे धरणसुद्धा रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणूनच बांधलेले. आज पुण्याहून लोणावळा लोकल आहे. मळवली स्थानकावर उतरले की एका बाजूला भाजे, लोहगड आणि विसापूर, दुसऱ्या बाजूला इंद्रायणी ओलांडून कार्ले; कामशेतला उतरले तर बेडसे. स्थानकापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंतचे अंतर थोड्याच किलोमीटरांचे आहे आणि सहल मोडते ती नेमकी तिथे. रविवारी त्या तुकड्यासाठी ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या भाड्यात सुटणारी छोटी बस नसेल, तर चार जणांचे कुटुंब लोकलचा विचारच सोडून देते आणि घरूनच मोटार काढते. जून ते सप्टेंबर या काळात शनिवार-रविवारी लोकलच्या वाढीव फेऱ्या, त्यांना जोडून मळवली, कामशेत आणि लोणावळ्याहून पायथ्यापर्यंत बस आणि त्याच दिवशी महामार्गाच्या फाट्यापासून पुढे बाहेरच्या मोटारींना बंदी, एवढी गोष्ट करायला नवा कायदा लागत नाही आणि डोंगरही फोडावा लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला कार्ल्याच्या एकवीरेचा. चैत्यगृहाच्या दाराशीच आईचे देऊळ आहे. कोळी बांधवांची, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची आणि इतर अनेकांची ती कुलदेवता आहे. चैत्रातल्या यात्रेला रायगड, ठाणे आणि मुंबईच्या कोळीवाड्यांतून पालख्या येतात. नवस फेडायला आलेल्या माणसाला पर्यटकांच्या रांगेत उभे करून त्याची मोजणी करणे चूक आहे, तसा प्रयत्न झाला तर लोक तो हाणून पाडतील आणि ते योग्यच होईल. परंतु भाविकालाही कोंडी नको आहे. मुंबईहून पहाटे निघालेली म्हातारी फाट्यावर तीन तास अडकून पडते, तेव्हा तिच्या श्रद्धेची आपण काय बूज राखतो? बसची सोय देवीच्या पंचक्रोशीतल्या लोकांशी आणि देवस्थानाशी बोलूनच आखली पाहिजे आणि पालखीला, वृद्धांना, ओटीचे सामान घेऊन येणाऱ्यांना त्यात अग्रक्रम असला पाहिजे. लेणे आणि देऊळ एकमेकांच्या विरोधात उभे करण्याची चूक मात्र कोणी करू नये. ती दोन्ही शेकडो वर्षे एकाच अंगणात आहेत.

दुसरा आक्षेप पोटाचा. पायथ्याच्या गावांत कणसे भाजणाऱ्या बायका, भजी-चहाची टपरी चालवणारी मुले, शेताचा तुकडा पार्किंगला देणारे शेतकरी यांचा चार महिन्यांचा हिशेब या गर्दीवर चालतो. वाहने अलीकडे थांबली, तर पार्किंगचा पैसा अलीकडच्या गावाला जाईल आणि पलीकडचे गाव विरोध करील. तो विरोध समजून घेतला पाहिजे. शेवटच्या टप्प्याच्या गाड्या चालवण्याचा हक्क पायथ्याच्या ग्रामपंचायतींना आणि स्थानिक चालकांच्या सहकारी संस्थांना देता येईल. लेणी नीट वाचून दाखवू शकणारी गावातलीच मुले-मुली तयार करता येतील. भाज्याच्या विहारात सूर्याचा रथ आणि हत्तीवर बसलेला इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे कुठे आहेत, बाहेरच्या चौदा स्तूपांचा समूह कशासाठी, हे त्या गावच्याच मुलीने समजावून सांगितले, तर सहलीला आलेला माणूस तिथे तासभर थांबेल. जो तासभर थांबतो, तो गावात जेवतोही. रांगेत अडकलेली मोटार गावाला धुराखेरीज फारसे काही देत नाही.

मला चिंता वाटते ती सध्या पैसा जिकडे वळतो आहे त्या दिशेची. लोणावळ्याच्या कड्यावर काचेच्या स्कायवॉकचा प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला आहे. द्रुतगती मार्गावर खोपोली ते कुसगाव हा नवा टप्पा आखला गेला तो घाटातला वेळ वाचवण्यासाठी, आणि हा वेळ वाचला की मुंबईहून लोणावळ्याला येणारी मोटार आणखी लवकर आणि आणखी संख्येने येणार. वर चढणारा रस्ता तोच, इंद्रायणी तीच. कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पुढे देहू आणि आळंदीला जाते. लोणावळ्यात टाकलेला कचरा पावसाच्या पाण्याबरोबर कुठे पोहोचतो, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. कड्यावर काच बसवण्यापूर्वी पायथ्याशी बस, पाणी आणि स्वच्छतागृह आणा, असा आग्रह धरण्यात विकासविरोध कुठे आला?

हे काम रखडते याचे एक साधे कारण असे की, ते कोणा एकाचे नाही. लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, भोवतालचे जंगल वन खात्याकडे, धरण आणि स्थानक रेल्वेकडे, फाट्याचा रस्ता बांधकाम खात्याकडे, बस एसटीकडे किंवा पुण्याच्या शहर बससेवेकडे, म्हणजे पीएमपीकडे, कचरा ग्रामपंचायतीकडे, नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आणि अपघात झाला की जबाबदारी पोलिसांकडे. या सर्वांना पावसाळ्यापूर्वी एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. मनाई आदेश तेच काढतात. तशी बैठक मार्चमध्ये व्हावी, तिच्यात मळवली-भाजे हा एकच रस्ता आधी निवडावा, एका पावसाळ्यातले सगळे शनिवार-रविवार तिथे ही व्यवस्था चालवून पाहावी आणि किती माणसे आली, किती वेळ थांबली, गावाच्या पदरात काय पडले, याचे आकडे ग्रामसभेत ठेवावेत. फसले, तर कुठे फसले ते कळेल आणि साधले, तर दुसऱ्या वर्षी कार्ला फाट्यावर हीच व्यवस्था लावता येईल.